बिवळपाड्यात दूध उरत नाही

१४ फेब्रुवारी १९६६, सोमवार

आज साहेबांची जीप पाड्यावर आली. जीप आली की आधी कोंबड्या पळतात, मग पोरं, आणि शेवटी मी पदर खोचून बाहेर येते. साहेब म्हणजे खंडेराव, आमचे विस्तार अधिकारी. खाली उतरायच्या आत म्हणाले, "नर्मदाबाई, नशीब काढलंत!"

एप्रिलात अमेरिकेच्या संसदेतले दोन सभासद येणार आहेत. तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम चाललंय, त्याला त्यांच्या सरकारचं कर्ज आहे, ते तर बघायचंच. पण त्यांच्या देशातून येणारी मदत शेवटच्या माणसापर्यंत पोचते की मधेच मुरते, हेही त्यांना स्वतः बघायचं आहे आणि परत जाऊन सभागृहात सांगायचं आहे. त्यांचं सांगणं ऐकून पुढची मदत ठरणार. म्हणून एक दूधकेंद्र दाखवायचं ठरलं, आणि ते माझं! बाकीच्या केंद्रांवर अमेरिकन भुकटीच्या गोण्या पडून राहतात, गोळे होतात, उंदीर लागतात. बिवळपाड्यात दूध उरत नाही.

"जादू काय करता हो?" साहेबांनी विचारलं.

जादू कसली! चार वर्षांपूर्वी मी ग्रामसेविका म्हणून इथे आले तेव्हा चिटपाखरू फिरकत नव्हतं. पातेलंभर दूध कालवून ओट्यावर बसायचं आणि संध्याकाळी ओतून द्यायचं. एके दिवशी मला रडूच फुटलं. शेजारची नवसी मोळी घेऊन चालली होती, तिने नेमकं बघितलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण मी डोळे पुसले, आणि त्याच संध्याकाळी पाड्यात हिंडून प्रथिनांवर असं काही भाषण ठोकलं की दुसऱ्या दिवशी सगळा पाडा भांडी घेऊन दारात! तेव्हापासून खाडा नाही. पटवून सांगितलं की माणसाला पटतं, एवढंच.

ही बातमी कुणाला तरी सांगावी असं फार वाटलं. सिन्नरला धाकट्या भावाला, झुंबरला, पत्र लिहायला बसले. मग आठवलं की आधीच्या पत्रांचीच उत्तरं आलेली नाहीत. म्हणून इथे लिहिते आहे.

२३ फेब्रुवारी

माझी एकच तक्रार आहे. पोरं दूध माझ्यासमोर पीत नाहीत. "इथेच प्या रे," म्हटलं की तोंड भरून घेतात आणि गाल फुगवून झाडामागे पळतात. लाजतात. बायका तर भांडं भरून घरीच नेतात. नवसीला म्हटलं, "घरी नेऊन पोरांनाच देतेस ना? की नवऱ्याला?"

"देते ना बाय, लहानाला देते," नवसी म्हणाली आणि पदराआड हसली.

तिच्या नवऱ्याचं, गोमाचं वासरू मात्र यंदा बघून घ्यावं. कुठे काडी हिरवी नाही, बैलांच्या फासळ्या मोजून घ्या, आणि हे पठ्ठं चकचकीत! काहीतरी झाडपाला माहीत असणार गोमाला.

७ मार्च, धुळवड

काल होळीला पुरणपोळ्या केल्या. पीठ भिजवताना हात आपोआप घरातल्या माणसांच्या हिशेबाने घेतो. कुठलं घर आणि कुठली माणसं! नवऱ्याने दुसरी केली त्याला आता बारा वर्षं होतील. तरी हात शहाणा होत नाही.

उरलेल्या पोळ्या नवसीकडे दिल्या. त्या लोकांची होळी रात्रभर चालते. नाचाचा तारपा वाजत होता, आणि मी दार लावून पडून होते. नवसी बोलवायला आली होती. "चल बाय, नाच आमच्यात." मी म्हटलं, डोकं दुखतंय. सरकारी बाईने नाचायचं म्हणजे काय! ती गेल्यावर खरंच डोकं दुखायला लागलं.

इथे अहो-जाहो नाही. नवसी मला पहिल्या दिवसापासून अगंतुगं करते. आधी फार लागायचं. आता वाटतं, मला "तू" म्हणणारं दुसरं आहे कोण?

१८ मार्च, शुक्रवार

मासवणच्या रेशन दुकानाला कुलूप आहे. मिलो ज्वारी येणार येणार म्हणतात, येत नाही. पाड्यातल्या कणग्या कधीच्या रिकाम्या. बायका सकाळीच रानात कडूकंद खणायला जातात. तो कंद चिरून, उकडून, वाहत्या पाण्यात ठेवावा लागतो, तेव्हा कुठे त्याचा कडवटपणा आणि विखार उतरतो. आणि यंदा ओहोळात पाणी कुठे वाहतंय? निदान पोरांना माझं दूध तरी आहे, या एका गोष्टीवर मला झोप लागते.

पुंडलिक म्हणून एक जण येऊन गेले. तालुक्यातल्याच, समुद्राकाठच्या माहीमचे राहणारे, तारापूरच्या प्रकल्पात दुभाषाचं काम करतात. पाहुणे काय विचारतील ते सांगत होते. मदत मिळते का, विकली जाते का, कुणाकडून येते हे लोकांना ठाऊक आहे का. "आणि बाई, व्हिएतनामचंही विचारतील," ते म्हणाले. "आम्ही तुम्हांला धान्य देतो आणि तुमचं सरकार आमच्या लढाईला नावं ठेवतं, हे त्यांना फार झोंबतंय. त्यांच्या संसदेत बरेच जण म्हणतात, यांचं धान्य आखडून घ्या."

मी म्हटलं, "बिवळपाड्यात कुणी कुणाला नावं ठेवलेली नाहीत हो." ते खूप हसले. बऱ्याच दिवसांनी माझ्या बोलण्यावर कुणी हसलं.

२९ मार्च

साहेबांचा हुकूम आहे की लोकांकडून उत्तरं घोकून घ्या. आज सगळ्यांना ओट्यासमोर बसवलं.

"हे दूध कुणाचं?" मी विचारलं. उत्तर पाहिजे, अमेरिकेचं.

चिंधूम्हातारा पाड्याचा कारभारी. तो उठून म्हणाला, "वासराचं."

"अरे चिंधूबाबा, ते खरं, पण पाठवतं कोण?"

"गाय पाठवते."

सगळे हसले, मीही हसले. पुन्हा विचारलं, पुन्हा वासराचंच. म्हातारपणी एकेक गोष्ट डोक्यात घट्ट बसते ती बसतेच. शेवटी ठरवलं की पाहुण्यांच्या दिवशी चिंधूला मागे बसवायचं आणि गोमाला पुढे. गोमाने भुकटीच्या रिकाम्या गोणीचा सदरा शिवून घेतलाय. त्यावर अमेरिकेचा शिक्का आहे, एकमेकांत घातलेले दोन हात. ते बरोब्बर त्याच्या पाठीवर आलेत. साहेब बघूनच खूश होतील.

४ एप्रिल

गोमाच्या बहिणीचं, पारूचं लग्न. घराची भिंत सारवून बायकांनी लग्नाच्या देवीचा चौक लिहिला. चौकाभोवती डोंगर, झाडं, नाचणारी माणसं. इतकं पांढरं शुभ्र लिहिलेलं मी इथे कधी पाहिलं नव्हतं. एरवी तांदळाच्या पिठाचा रंग जरा मळकट येतो. नवसीला म्हटलं, "काय गं, यंदा तांदूळ चांगला धुतलास वाटतं!" ती दुसऱ्या बाईकडे बघून फिसकन हसली.

चौकाला काही नाही, पण भोवतालच्या चित्रांना मुंग्या लागल्या होत्या. ओळच्या ओळ.

जेवायला लग्नातही कंदच होता.

८ एप्रिल, शुक्रवार

आज लिहू नये असं वाटतं. पण लिहिल्याशिवाय सुटका नाही.

नवसीची जिवली, चार वर्षांची पोर, दोन-तीन दिवस केंद्रावर दिसली नाही. दुपारी मीच तिच्यासाठी दूध घेऊन गेले. पोर अंगणात पडली होती, उलट्यांनी पार गळून गेलेली. नीट न धुतलेला कंद खाल्ला होता. मी नवसीवर ओरडले, "अगं, सकाळी दूध नेलंस ते कुठाय? ते पाज ना आधी!"

नवसीने मागल्या दाराकडे पाहिलं. मी मागल्या दाराने गेले. गोमा उकिडवा बसला होता. सकाळी मी मापून दिलेलं दूध त्याच भांड्यात, आणि भांड्यात वासराचं तोंड.

"गोमा! हे काय?"

तो दचकलासुद्धा नाही. "वासरू पिते," म्हणाला.

नवसी मागून आली. "बाय, राग नको धरू. दूद वासराचं. आमच्यात कोन पीत नाय. माजी आजी नाय प्याली, तिची आजी नाय प्याली. पोरांना दिलं तर ढवळतं, ती थुकतात."

"आणि ती लग्नातली भिंत?"

"चौक तांदळाचा. तो तांदळाचाच लागतो. भवतालची चित्रं तुज्या दुदाची. यंदा तांदूळ कुटं हाय?"

"मग चार वर्षं रोज भांडी घेऊन येता कशाला?"

नवसीने गोमाकडे पाहिलं. गोमा वासराकडे बघत राहिला.

"तू रडलीस ना तवा," नवसी म्हणाली. "मी पाड्यात सांगितलं. चिंधूबाबा बोलला, दूद नाय नेलं तर सरकार या बायला पन नेईल, आदल्या बायला नेलं तसं. एकलं मानूस आलंय, मागं कोन नाय, र्‍हाऊ द्या तिला. भांडं भरून आनलं तर आपलं काय जातंय?"

मी तशीच घरी आले.

९ एप्रिल

माझी कीव केली. नवऱ्याने टाकलं तेव्हा सिन्नरच्या बायका करायच्या तशी. त्या कीवेपासून पळून मी इतक्या लांब आले, आणि इथे अख्ख्या पाड्याने रांग लावून केली!

सकाळी दूध वाटलं. सगळे आले. मला कुणाच्या तोंडाकडे बघवेना. प्रथिनांवरचं भाषण आठवून कानशिलं तापली.

११ एप्रिल

राग गेला. आता उरलं आहे ते रागाहून वाईट आहे.

गप्प बसले तर काय होईल? पाहुणे येतील, फोटो काढतील, केंद्र चालू राहील. मी इथेच राहीन. सकाळी नवसी हाक मारील. वासरं गुबगुबीत होतील, आणि जिवली कंद खाईल.

खरं सांगितलं तर? दूध बंद होईल. दुधाच्या जागी कदाचित धान्य येईल, कदाचित काहीच येणार नाही. मी मात्र नक्की जाईन. नोकरी राहील हो, नोकरीचं काही नाही. पण ज्या गावाने मी जाऊ नये म्हणून नको असलेलं दूध चार वर्षं वाहिलं, ते गाव परत मिळणार नाही. माझ्या जन्मात माझ्यासाठी एवढं कुणी केलेलं नाही. आईनेसुद्धा नाही.

जिवली उठून बसली आज. तिला पेज पाहिजे होती. माझ्या डब्यातले तांदूळ नेऊन दिले. डब्यात आता खडखडाट. सगळ्या पाड्याला माझा डबा थोडाच पुरणार!

मी भित्री आहे. अजून काही ठरत नाही.

१३ एप्रिल, बुधवार

आले आणि गेले.

एक उंच म्हातारा, घामाने लालबुंद झालेला, आणि एक ठेंगणा, सारखा प्रश्न विचारणारा. बरोबर साहेब, पुंडलिक आणि फोटोवाला. गोमाच्या पाठीवरचा शिक्का बघून उंच म्हातारा हरखला. त्याच्या पाठीवर हात टाकून फोटो काढला. गोमाने घोकलेलं "अमेरिका, अमेरिका" दोनदा म्हणून दाखवलं.

मग ठेंगण्याने व्हिएतनामचं काढलंच. नेमकं मागे बसवलेल्या चिंधूकडे बोट दाखवून म्हणाला, यांना विचारा. पुंडलिकांनी पाड्याच्या बोलीत सांगितलं की तिकडे लांब एका मुलखात लढाई चालली आहे, हे लोक तिथे लढतात, तुम्हांला काय वाटतं?

चिंधूने विचार करून विचारलं, "तिथं पाऊस बरा झाला का?"

पुंडलिकांनी तेच इंग्रजीत सांगितलं.

उंच म्हातारा माझ्याकडे वळला. त्याचा प्रश्न साधा होता. आम्ही पाठवतो त्यातलं वाया किती जातं? साहेब त्याच्या खांद्यामागून मला डोळ्यांनी खुणावत होते. नवसी जिवलीला कडेवर घेऊन उभी होती. पोरीचे पाय काड्यांसारखे लोंबत होते.

मी म्हटलं, "सगळंच. हे लोक दूध पीत नाहीत. यांना धान्य पाहिजे आहे."

साहेबांच्या तोंडाचा रंग उडाला. पुंडलिक हळू आवाजात म्हणाले, "बाई, हेच सांगू?"

"हेच सांगा."

त्यांनी सांगितलं. म्हाताऱ्याने रिकाम्या पातेल्याकडे पाहिलं, बायकांच्या हातातल्या भरल्या भांड्यांकडे पाहिलं, आणि त्याला पडायलाच हवा होता तो प्रश्न पडला. पीत नाहीत, तर नेतात कशाला?

पुंडलिकांनी मला मराठीत विचारलं. म्हणजे मला दोनदा ऐकावं लागलं; त्याच्या बघण्यावरूनच प्रश्न कळला होता. नवसीने तोंड उघडलं होतं, पण मी तिला हाताने थांबवलं. हे तिने सांगायचं नव्हतं.

"माझ्यासाठी नेतात," मी म्हणाले. "मी एकटी आहे म्हणून. दूध उरलं तर माझी बदली होईल असं त्यांना वाटतं."

पुंडलिकांनी तेही इंग्रजीत सांगितलं. त्यांच्या वाक्यातला 'लोनली' हा शब्द मला कळला. सगळ्यांसमोर, साहेबांसमोर, फोटोवाल्यासमोर, तो माझ्याबद्दल उच्चारला गेला. मान खाली घातली नाही मी, पण कशी उभी राहिले ते माझं मला माहीत.

म्हाताऱ्याने विचारलं, हे लोक खातात काय? नवसीने घरून उकडलेला कंद आणला. साहेब नको नको म्हणेपर्यंत त्याने तुकडा तोंडात टाकला. घशाला अशी खाज सुटली की डोळ्यांतून पाणी! पाणी प्यायला, पुन्हा प्यायला, आणि त्या कंदाचं नाव पुंडलिकांकडून विचारून घेतलं.

जीपमध्ये बसताना साहेब मला एवढंच म्हणाले, "तोंडाला आवर नाही तुमच्या. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतलात."

सगळे गेल्यावर नवसी आली. "तू कशाला सांगितलंस, बाय?" म्हणाली. रागावली होती. चार वर्षांत पहिल्यांदाच.

३० एप्रिल

हुकूम आला. बिवळपाड्याचं दूध बंद. त्याऐवजी मिलो ज्वारी, मासवणच्या दुकानातून, पोरं असलेल्या घरांना फुकट. केंद्राची गरज नाही. ग्रामसेविका नर्मदाबाई यांची बदली माहीमच्या दूधकेंद्रावर. म्हाताऱ्याने तिकडे काय सांगितलं ते कुणी कळवलं नाही, पण साहेब म्हणाले की इतक्या झटपट मिलो तालुक्यात कुठेच मंजूर झालेला नाही. रागातच म्हणाले. मी पाटावर बसून मिलोच्या लाल भाकरीचा विचार केला. आणि मग रडले, दार लावून, कुणाला दिसणार नाही असं.

२४ मे, मंगळवार

मिलोच्या गोण्या गेल्या आठवड्यात आल्या. त्यांवरही तेच दोन हात. नवसीच्या घरातून भाकरीचा वास येतो. जिवली भाकरी धरून दारात उभी असते आणि कुणाला देत नाही.

आज माझा इथला शेवटचा दिवस. पातेलं सरकारजमा झालंय, चूल थंड. तरी दुधाच्या वेळेला सगळे आले आणि ओट्यासमोर बसले. वाटायला काही नव्हतं. कुणी काही मागितलंही नाही. भाताच्या रोपांसाठी राब भाजून झाला का, बैल कुणाचा आजारी आहे, असलंच बोलत होते. चिंधूबाबा बसल्याबसल्या झोपला. माझं बोचकं नवसीने मासवणच्या एस.टी.पर्यंत डोक्यावरून आणलं. गाडी आली तेव्हा म्हणाली, "तिथं कोन हाय तुजं?"

मी म्हटलं, "होतील."

१७ जून, माहीम

केंद्र छान आहे. पक्कं घर, नळ, मागे केळीची वाडी. इथले लोक दूध पितात, खरोखर पितात. माझ्या डोळ्यांसमोर, उभ्याउभ्या, ओठांवर पांढरी मिशी उमटेपर्यंत. पातेलं बघता बघता रिकामं होतं, आणि ओटाही. उद्या पुन्हा ते पाहुणे आले तर त्यांना दाखवायला याहून चांगलं केंद्र सापडणार नाही.

लाडकी म्हणून एक मासळीवाली दोन मुलांना घेऊन येते. त्यातल्या त्यात तीच जरा थांबते, मुलांची तोंडं पुसायला. आज ती निघाली तेव्हा मी उगीचच म्हटलं, "उद्या याल ना?"

टोपली डोक्यावर घेताघेता तिने वळून पाहिलं. "दूद असलं तर येऊ की," म्हणाली.

खरं तेच बोलली बिचारी. मी पातेलं घासायला घेतलं.